बसायची मजुरी

यंदा टोमॅटो पिकला नाही म्हणून आमचे हाल झाले असते, तर एक वेळ मनाची समजूत घातली असती. पण हाल झाले ते तो उदंड पिकला म्हणून. जिकडं बघावं तिकडं लाल. बांधावर क्रेटच्या थप्प्या, रस्त्याच्या कडेला क्रेटच्या थप्प्या, आणि सगळा माल निघाला एकाच दिशेला, सॉसच्या कारखान्याकडे. कारखान्याचं तोंड मात्र होतं तेवढंच. एक गाडी आत घ्यायची, काट्यावर वजन करायचं, माल हौदात ओतायचा, मग दुसरी. बाहेर गाड्यांची रांग लागली ती फाटकापासून पुलापर्यंत, आणि पुढं पुलाच्याही पलीकडं गेली.

त्या रांगेत आमचे हे.

ड्रायव्हर आहेत. मालकाच्या सात-आठ गाड्या, त्यातली एक यांच्या हातात. पैसे खेपेवर. शेतातून माल भरायचा, कारखान्यात रिकामा करायचा, झाली एक खेप. चांगल्या दिवसांत रोज एक खेप व्हायची. यंदा एका खेपेला तीन-तीन, चार-चार दिवस जायला लागले. गाडी सोडून हलायचं नाही. केबिनमध्ये माणूस दिसला नाही तर फाटकवाला ट्रॅक्टर लावून गाडी रांगेबाहेर ओढतो, मग पुन्हा शेपटाला. रांग हातभर सरकली की गाडी चालू करा, पुढं घ्या, बंद करा, उतरून चाकाखाली लाकडी ठोकळा द्या, कारण तिथं उतार आहे. परत चढा. रात्री पण तेच. आणि पैसे एका खेपेचे. मी म्हणते, हा कुठला न्याय? पण मी म्हणून काय होतंय.

माझं काम तोडणीचं. सकाळी मालकाच्याच एका गाडीत आम्हा बायकांना कोंबून शेतावर नेतात, संध्याकाळी आणून टाकतात. पाल्याचा चीक बसला की हात आधी हिरवे होतात, मग काळे. साबणानं ढिम्म फरक पडत नाही, हिरवा टोमॅटो चोळला तर थोडं निघतं. कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. पण एक आहे, दिवस भरला की दिवसाचे पैसे. मध्येच सर आली आणि आम्ही झाडाखाली उभ्या राहिलो तरी रोज कापत नाहीत.

त्या दिवशी हे चौथ्या दिवशी घरी आले. आत न येता पायरीवरच बसले. पाय असे सुजलेले की चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. अंगाला आंबलेल्या टोमॅटोचा वास. मी गरम पाण्याची बादली पुढ्यात ठेवली, त्यांनी त्यात पाय सोडले आणि डोळे मिटले.

"काल काय खाल्लंत?"

"बिस्किटं होती."

"आणि मी दिलेला डबा?"

"तो पहिल्याच दिवशी आंबला. उन्हात केबिनमध्ये काय टिकतंय."

सासूबाई दारात येऊन बसल्या. गुडघे गेलेत त्यांचे, उठता-बसता भिंतीला धरतात. म्हणाल्या, "पैसे मिळाले का रे?"

यांनी खिशातून काढून पायरीवर ठेवले. ठेवताना माझ्याकडं बघितलं नाही, तेव्हाच मी समजले.

"अर्धेच?"

"माल मऊ पडला. कारखान्यानं वजनात कापलं. ते मालकानं माझ्यातून वळतं केलं."

"माल मऊ पडला तो तुमच्यामुळं? तुम्ही काय बसून बसून उबवलात का?"

"मी काय करू, सांग."

"बोलायचं."

"बोललो ना."

"काय बोललात?"

"जरा बघा म्हटलं."

"जरा बघा. वा. मालक चळाचळा कापले असतील."

हे बादलीतले पाय चोळत राहिले. आमच्या यांचा स्वभावच तसा. गाडी चालवताना कोणी आडवं घातलं तरी तोंडातून शिवी निघायची नाही. लग्नात मला याचं फार कौतुक वाटलं होतं. आता कधी कधी वाटतं, देवानं यांच्या वाटचा राग चुकून मलाच दिला.

सासूबाई पाण्यातल्या त्या पायांकडं बघत होत्या. "तुझे सासरेही असेच यायचे," म्हणाल्या. "जन्मभर खेपेवर. जास्त मागितलं तर मालक म्हणायचे, दुसरी गाडी बघ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

"हंगाम असाच गेला तर मला लांबच्या गाडीवर जावं लागेल," हे एकदम म्हणाले. बहुतेक चार दिवस रांगेत हेच घोळवत बसले असणार. "सहा-सहा महिने घरी येणं नाही, पण पैसे चुकत नाहीत."

"आणि मी संसार कोणाशी करायचा? फोनशी?"

हसले नाहीत. पाय पुसले आणि जेवायच्या आधीच आडवे झाले. मला इतका राग आला होता की हातातली बादली मी अंगणात न ओतता भिंतीवर फेकली. सासूबाईंच्या सगळ्या रोपांवर पाणी उडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे मालकाच्या आवारात. पत्र्याची शेड, ग्रीसनं काळी झालेली जमीन, जुन्या टायरांचा ढीग, आणि त्या टायरांवर बसून आम्ही तोडणीच्या बायका गाडीची वाट बघतो. ड्रायव्हर लोकही तिथंच जमतात. त्यांच्यातले वडीलधारे म्हणजे डिझेलकाका. कितीही अंघोळ केली तरी अंगाला डिझेलचा वास येतो, म्हणून डिझेलकाका. त्यांच्या बायकोला मग ओघानंच डिझेलकाकी म्हणतात, बिचारीला वास नसला तरी.

मालक दात कोरत बाहेर आले. मागं त्यांचा मेहुणा. बहिणीच्या नवऱ्याच्या जिवावर गाड्यांचा कारभार बघतो. मालक हसले की तो दुप्पट हसतो.

डिझेलकाका पुढं झाले. "मालक, खेपेचं आम्ही काही म्हणत नाही. पण गाडी रांगेत उभी राहते त्या दिवसांचं काहीतरी बघा. उभ्या दिवसाला रोज द्या. तोडणीवाल्यांना देता तेवढा द्या."

"कशाचा रोज? गाडी चालवता का तुम्ही तेव्हा?"

"चालवत नाही, पण सांभाळतो."

"झोपता, म्हणा. म्हातारबा, बसायचे पैसे जगात कोणी देतं का? बसायला अक्कल लागते का हत्यार लागतं? कोणीही बसेल. शेतातलं बुजगावणं आणून ठेवलं तरी भागेल."

मेहुणा इतका हसला की त्याला खोकला लागला. ड्रायव्हर सगळे खाली बघायला लागले. आमचे हे आपल्या सुजलेल्या पायांकडं बघत होते. ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"मग बुजगावणंच बसवा ना, मालक," मी टायरावरूनच म्हणाले.

मालकांचा दात कोरायचा हात थांबला.

"कोण बोललं ते?"

"मी बोलले."

मालकांनी माझ्याकडं बघितलंच नाही. यांच्याकडं बोट केलं. "बायकोला आवर. घरात आवरता येत नसेल तर माझी गाडी काय आवरणार तू."

यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता तरी बोलतील. नाही बोलले. गाडीत चढताना मात्र माझ्या जवळून गेले आणि हळूच म्हणाले, "बरोबर बोललीस." एवढंच. पण तेवढ्यानं मला दिवसभर क्रेट हलके लागले.

संध्याकाळी डिझेलकाका घरी आले. सोबत आणखी तिघं-चौघं ड्रायव्हर. आमच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसले. काका म्हणाले, "पोरी, तू रागाच्या भरात बोललीस, पण दिवसभर माझ्या डोक्यातून ते जाईना. मालक म्हणतो बसायला कोणीही चालेल. ठीक. मालकाचा शब्द आपण मोडायचा नाही."

"म्हणजे?" यांनी विचारलं.

"म्हणजे माल भरायचा, गाडी रांगेच्या शेपटाला नेऊन लावायची, आणि चावी द्यायची मेहुण्याच्या हातात. आमचं चालवायचं काम झालं, आता बसायला तुमचं कोणीही आणा. फाटकापाशी नंबर आला की हाक मारा, आत नेऊन रिकामी करतो. कामाला नाही म्हणायचंच नाही."

"आणि कामावरून काढलं तर?" एक जण म्हणाला.

"हंगामात मोकळा ड्रायव्हर कुठं मिळतोय दाखव मला."

यांनी ओट्यावर जमलेल्या एकेकाकडं बघितलं. मग म्हणाले, "सगळे मिळून असेल तर मी आहे." मी चहाची कपबशी जरा जोरात ठेवली, आनंदानं. सासूबाई म्हणाल्या, "फोड आता."

ठरलं तसं झालं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या गाड्या भरून एकापाठोपाठ एक रांगेला लागल्या आणि सगळ्या चाव्या मेहुण्याच्या हातावर पडल्या. त्याला आधी वाटलं चेष्टा आहे. मग ड्रायव्हर रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर जाऊन बसले, तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

इकडं आम्ही तोडणीच्या बायका घरी. आम्हाला शेतावर नेणारी गाडी कोण चालवणार? म्हणून मी पाणी भरत होते, तेवढ्यात मेहुण्याची मोटरसायकल दारात. हेल्मेटमधून घाम गळत होता.

"रोजानं काम आहे," म्हणाला. "बसायचं. गाडीत नुसतं बसायचं, आणि गाडी सरकली की चाकाखाली ठोकळा द्यायचा. सरकवायचं मी बघतो."

"रोज किती?"

"तोडणीचा जो आहे तोच. रोख, संध्याकाळच्या संध्याकाळी."

मला हसू आवरेना, म्हणून मी खाली वाकून कळशी उचलली. त्याला वाटलं मी लाजले. म्हणाला, "नवऱ्यानं टाकलेलं बायकोनं उचललं, शाबास. घर असं चालतं. त्यांना बसू दे टपरीवर बोंबलत."

मनात म्हटलं, बाबा रे, तू आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडतोयस, आणि वर मला शाबासकी देतोयस. तोंडानं म्हटलं, "आणखी बायका लागतील का?"

"लागतील तर. सगळ्या गाड्यांना लागतील. तरणीच पाहिजे असं नाही."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मग मलाही धरा. घरीही बसूनच असते."

डिझेलकाकी आली, शेजारची नवी नवरी आली, आणखी पाच जणी आल्या. सगळ्या ड्रायव्हरांच्याच घरच्या. कारखान्यासमोर उतरलो तेव्हा टपरीवरची माणसं बघतच राहिली. आमचे हे उठून तरातरा रस्ता ओलांडून आले. चेहरा पांढरा.

"काय चाललंय हे? तू यांच्या बाजूनं?" आईला गाडीच्या शिडीवर चढताना बघून तर ते ओरडलेच. "आई, तू पण?"

"अहो, रोजावर आहे मी," मी म्हटलं. "कामाच्या वेळी बोलायला परवानगी नाही. तुम्ही जा, चहा प्या."

ते तसेच उभे. मग टपरीवरून डिझेलकाकांचं हसणं ऐकू आलं. काकांना कळलं होतं. बाकावर हात आपटून हसत होते. यांनी एकदा काकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांना इतकं मोठं हसताना बघितलं नव्हतं. मेहुणा बघत होता म्हणून लगेच तोंड फिरवून निघून गेले.

आम्ही दोघी यांच्याच गाडीत होतो. सासूबाईंना खांद्यानं ढकलून वर चढवावं लागलं. वर जाऊन त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. सीटचं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आला होता, त्यावर यांनी जुनं पोतं घडी करून टाकलं होतं. पत्रा तव्यासारखा तापलेला. मागून माल गळत होता, रस थेंब थेंब रस्त्यावर पडत होता आणि त्यावर माश्यांचं मोहोळ. बाहेर बघितलं तर पुढच्या गाडीचा मागचा फाळका. दुसरं काही दिसतच नाही.

"तुझे सासरे इथं असे बसायचे होय," सासूबाई म्हणाल्या.

"कधी बसला नव्हतात गाडीत?"

"बाई माणसाला कोण बसवतं पुढं. ते घरी आले की मी म्हणायचे, बसून तर येता, एवढं काय दमायचं झालं." त्यांनी स्टेअरिंगवरून हात फिरवला. "असं म्हणायचे गं मी त्यांना."

मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या रडल्या. मला त्या वेळी त्या म्हातारीची इतकी माया आली की काय सांगू. मग त्यांनीच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उतर, ठोकळा दे. तो आलाय बघ."

मेहुणा आला होता. रांग सरकली की पहिल्या गाडीत चढायचा, चालू करायचा, हातभर पुढं घ्यायचा, उतरायचा, धावत दुसऱ्या गाडीत. आमच्यापर्यंत येईतो मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. शेवटची गाडी पुढं घेईपर्यंत पहिलीच्या पुढं पुन्हा मोकळी जागा पडलेली. बाकीच्या मालकांचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमधून मान काढून तमाशा बघत होते. दुपारपर्यंत त्याचा शर्ट अंगाला चिकटला. तिसऱ्या प्रहरी तो आमच्या केबिनला टेकून उभा राहिला, बोलताही येईना. सासूबाईंनी बाटली पुढं केली. प्यायला बिचारा.

सगळ्यात हाल लघवीचे. पुरुषांचं भागतं, आम्ही काय करणार. दोघी-दोघींनी ज्वारीच्या रानात जायचं, तोवर तिसरीनं दोन गाड्यांकडं बघायचं. नवी नवरी सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती, तिला घेरी आली. डिझेलकाकीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "यालाच म्हणतात बसायचं काम, बाळ."

संध्याकाळी मेहुण्यानं आम्हाला रांगेतच रोज वाटला, भर रस्त्यात, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत. एकीलाही कमी दिला नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. रात्रीला बायका थांबणार नाहीत म्हटल्यावर त्या सगळ्या गाड्यांची राखण त्यानं रात्रभर एका केबिनमधून दुसरीत पळत एकट्यानं केली. आम्ही घरी जाऊन जेवून झोपलो. हेही घरीच होते. हंगाम सुरू झाल्यापासून पहिल्यांदा सगळे एका वेळी ताटावर बसलो.

सकाळी परत गेलो तेव्हा मेहुण्याला मी आधी ओळखलंच नाही. डोळे सुजलेले, गालावर डासांचे फोड, चालताना एक पाय ओढत होता. रात्री कारखान्यानं दुसरा काटा लावला होता, म्हणून रांग कधी नव्हे ती भराभर सरकून आमच्या गाड्या आता फाटकाजवळ आल्या होत्या. पुढं एकच गाडी, आणि मग आमच्यातली पहिली. ऊन चढलं तसा माल आणखी गळायला लागला. रस चाकांखालून वाहत गटारात चालला होता.

रांग सरकली. मेहुणा पहिल्या गाडीच्या पायरीवर चढला आणि तिथंच बसला. उठेचना. फाटकवाला ओरडला, "पुढं घ्या, नाहीतर ट्रॅक्टर लावतो." मागून हॉर्न. मागची दुसऱ्या मालकाची एक गाडी बाहेरून वळसा घालून मोकळ्या जागेत घुसायला लागली, तशी मी उतरले आणि त्या जागेत जाऊन उभी राहिले. पाठोपाठ डिझेलकाकी. मग सगळ्याच. त्या ड्रायव्हरनं खिडकीतून बघितलं आणि गाडी मागं घेतली. हसत होता तो. घुसायची त्याची फारशी इच्छा नव्हतीच.

तेवढ्यात मालकांची मोटार आली. उतरले ते ओरडतच.

"काय तमाशा आहे हा? माझा माल सडतोय. कुठं आहेत ते हरामखोर?"

"समोर आहेत," मी म्हटलं. "टपरीवर."

"बोलाव त्यांना."

"मला बसायचा रोज आहे, मालक. हाक मारायचा नाही."

बायका खुदकन हसल्या. मालकांना कपाळावरचा घाम पुसावा लागला. शेवटी स्वतःच रस्ता ओलांडला. आम्हीही मागं गेलो, कोण थांबतंय. ड्रायव्हर बाकावरून उठून उभे राहिले. उद्धटपणा कोणीच केला नाही.

"गाड्या आत घ्या," मालक म्हणाले.

"घेतो की," डिझेलकाका म्हणाले. "ते आमचंच काम. फक्त उभ्या दिवसाचं तेवढं बोलून घेऊ."

"एकेकाला घरी बसवीन."

"बसवा. बसायचा रोज मिळतो म्हणे आता."

टपरीवाला पण हसला. मालक लाल झाले. "अरे, बसायला कोणीही..." म्हणाले आणि थांबले. समोर मी उभी होते.

मी म्हटलं, "मालक, काल तुम्ही मला दिवसाचा रोज दिलात. काय केलं मी? यांच्या सीटवर बसले, माश्या मारल्या, ठोकळा दिला. तेवढंच काम हे चार दिवस करत होते, वर गाडी पुढं घेत होते आणि रात्री जागत होते. मला दिलंत, यांना का नाही? मी बाई म्हणून तुम्हाला माझी दया आली का?"

"तो खेपेचे घेतो."

"खेप चालवायचे घेतात. मग असं करा, खेप यांना द्या आणि बसायला रोज आम्हाला ठेवा. आमची ना नाही. पण रांगेत गाडी पुढं घ्यायला मग मेहुण्यालाच ठेवावं लागेल."

सगळ्यांनी मेहुण्याकडं बघितलं. तो ओढत ओढत आमच्या मागून आला होता. बाकावर बसला, चप्पल काढली, पाय सुजून टम्म झाले होते. म्हणाला, "दाजी, द्या यांना."

"तू गप."

"मी एक दिवस केलंय, दाजी. तुम्ही नाही केलेलं. आता मला जिवे मारलंत तरी मी त्या रांगेत परत जाणार नाही. आणि आत उतारावरून उलटी घेऊन हौदाला लावायची आहे गाडी, ते मला येत नाही. द्या त्यांचा रोज." 

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. घरचंच माणूस उलटल्यावर बोलायचं कोणाला? फाटकवाल्यानं तिकडून ट्रॅक्टर चालू केला. मालकांनी त्या आवाजाकडं बघितलं, गळणाऱ्या गाड्यांकडं बघितलं.

"ठीक आहे," दात खात म्हणाले. "आजपासून उभ्या दिवसाला रोज. घ्या गाड्या आत."

डिझेलकाका निघालेच होते. हे जागचे हलले नाहीत.

"आजपासून नाही," आमचे हे म्हणाले.

मला वाटलं, दुसरंच कोणी बोललं. आवाज यांचाच होता, चढवलेला नव्हता, नेहमीसारखाच साधा.

"हंगामाच्या पहिल्या दिवसापासून. तेव्हाही आम्हीच बसलो होतो. आणि रांगेत माल मऊ पडला तर ते आमच्यातून कापायचं नाही. माझं कापलंय ते परत द्यायचं. आणि परवा आवारात माझ्या बायकोबद्दल बोललात, तसं पुन्हा बोलायचं नाही. ते पैशात धरत नाही मी."

मालक यांच्याकडं असे बघत राहिले, जणू इतकी वर्षं हा माणूस त्यांच्या गाडीवर होता हे आजच कळलं. फाटकावरून पुन्हा आरोळी आली. मालकांनी मान हलवली.

"तोंडानं सांगा, मालक," सासूबाई गाडीतूनच ओरडल्या. त्या खाली उतरल्याच नव्हत्या, आणि एवढं सगळं त्यांना ऐकू कसं आलं देव जाणे.

"दिलं," मालक म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिलं. कापलेलं परत दिलं. झालं?"

झालं होतं. ड्रायव्हर धावले. डिझेलकाका म्हातारे, पण सगळ्यांच्या पुढं तेच. मी यांच्या मागं रस्ता ओलांडला, आणि मला आनंद इतका झाला होता की वाटेत माझी चप्पल निघाली ती उचलायलाही मी थांबले नाही. आता लांबच्या गाडीवर जायचं कारण उरलं नव्हतं. घरातलं माणूस घरात राहणार होतं.

हे केबिनमध्ये चढले. सासूबाई मधे सरकल्या, मी खिडकीपाशी बसले. यांनी गाडी चालू केली. सगळं धूड थरथरलं.

"इतकं बोलता येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"चार-चार दिवस रांगेत बसून पाठ केलं होतं," म्हणाले. "म्हणायला कोणी भेटत नव्हतं."

पहिली गाडी आत गेली, दुसरी गेली. आमची तिसरी. तेवढ्यात मागून धाडकन दार आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मी खिडकीतून मान बाहेर काढली. रांगेतल्या दुसऱ्या मालकांच्या गाड्या होत्या त्या, पुलापर्यंत आणि पुलाच्या पलीकडं. एकेका केबिनचं दार उघडत होतं, ड्रायव्हर खाली उतरत होता, चाकाखाली ठोकळा देत होता आणि हातात चावी घेऊन टपरीकडं चालायला लागत होता. मघाशी आमच्या जागेत घुसू बघणारा सगळ्यात पुढं होता. टपरीवाला घाईघाईनं दुसरं पातेलं चुलीवर चढवत होता.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. "कसला आवाज?"

"माणसं उतरतायत, आई."

"किती?"

"सगळीच."

यांनी आरशात बघितलं आणि बघतच राहिले. फाटकवाला हात हलवून बोलवत होता, तिकडं यांचं लक्षच नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"अहो, गाडी आत घ्या," मी म्हटलं. "आपला नंबर आलाय."